किलिमांजारो : वाट निवडण्याआधी मुक्काम मोजा

सह्याद्रीतील गडकोट पालथे घालून झाले, हिमालयातील एखादी पदभ्रमण मोहीम पदरी पडली, की मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांना आफ्रिकेतील किलिमांजारो खुणावू लागतो. टांझानियात, केनियाच्या सीमेलगत उभा असलेला हा पर्वत ५,८९५ मीटर उंच आहे. आफ्रिका खंडातील तो सर्वांत उंच पर्वत. तरीही त्याच्या माथ्यावर जाण्यासाठी दोर आणि बर्फाची कुऱ्हाड यांचे शिक्षण घ्यावे लागत नाही. नेहमीच्या सर्व वाटांनी तो चालत चढता येतो. 'खंडातील सर्वोच्च शिखर, तेही आठवडाभरात' हे आकर्षण मोठे असल्याने नोकरदार मंडळींचा ओढा त्याच्याकडे वाढला आहे.

मोहीम ठरवायला बसले की पहिला प्रश्न येतो तो वाटेचा. सहल संस्थांच्या माहितीपत्रकांत मरांगू, मचामे, लेमोशो, रोंगाई, उम्ब्वे अशी नावे असतात आणि पाच दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंतचे कार्यक्रम असतात. बहुतेक जण निसर्गसौंदर्य, खर्च आणि शिल्लक रजा यांचा मेळ घालून निर्णय घेतात. किलिमांजारोच्या बाबतीत मात्र निवडीची ही पद्धत महागात पडू शकते. येथे माणूस थकून जितक्या वेळा परततो, त्याहून अधिक वेळा विरळ हवेमुळे परततो. आणि विरळ हवेचा त्रास किती होणार हे वाटेच्या नावापेक्षा त्या वाटेवर किती रात्री आणि किती उंचीवर काढल्या यावर ठरते.

पर्वत आणि त्याच्या वाटा

किलिमांजारो हा ज्वालामुखी पर्वत आहे. शिरा, मावेन्झी आणि किबो ही त्याची तीन शिखरे. त्यांपैकी शिरा झिजून त्याचे विस्तीर्ण पठार झाले आहे. मावेन्झी ५,१४९ मीटर उंच असून त्याचे सुळके कडेकपारींचे व ठिसूळ आहेत. किबो सर्वांत उंच, आणि त्याच्या मुखाच्या काठावरील अत्युच्च बिंदू म्हणजे उहुरू शिखर. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. जर्मन वसाहतीच्या काळात या शिखराला जर्मन सम्राटाचे नाव होते. १९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाल्यावर ते बदलले. जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मेयर आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर हे ऑक्टोबर १८८९ मध्ये येथे प्रथम पोहोचले, तेव्हा त्यांना हिमनदीत पायऱ्या खोदत जावे लागले होते. आज ते बर्फ फारसे उरलेले नाही. १९१२ मध्ये पर्वतावर जेवढे हिमाच्छादन होते, त्यातील सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत नाहीसे झाले, असे संशोधकांनी नोंदवले आहे.

पर्वताचा माथा एकच असला, तरी तेथे जाणाऱ्या वाटा वेगवेगळ्या दिशांनी निघतात. मरांगू आग्नेयेकडून, मचामे आणि उम्ब्वे दक्षिणेकडून, लेमोशो पश्चिमेकडून आणि रोंगाई उत्तरेकडून. शेवटच्या टप्प्यात त्यांचे दोनच प्रवाह होतात. दक्षिण व पश्चिमेच्या वाटा बराफू तळावरून स्टेला पॉइंट येथे मुखाच्या काठावर येतात. मरांगू व रोंगाई या वाटा किबो हटवरून गिलमन्स पॉइंट येथे काठ गाठतात. उद्यानाच्या नियमानुसार परवानाधारक वाटाड्याशिवाय कोणालाही या पर्वतावर जाता येत नाही.

शरीराचे वेळापत्रक

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायू निम्म्यावर येतो. शरीर त्यावर उपाय करते. श्वास जलद व खोल होतो. त्यामुळे रक्ताचे रासायनिक संतुलन बिघडते आणि ते सावरण्याचे काम मूत्रपिंडे पुढील काही दिवसांत करतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास तर काही आठवडे लागतात. गिर्यारोहक ज्याला 'अॅक्लमटायझेशन' म्हणतात ती हीच प्रक्रिया. तिला वेळ द्यावा लागतो. व्यायामाने ती लवकर होत नाही. मॅरेथॉन धावणारा तिशीतला तरुण दुसऱ्याच दिवशी डोके धरून बसतो आणि पन्नाशीतल्या गृहिणी सावकाश चालत शिखरावर पोहोचतात, असे येथे घडते, त्याचे कारण हेच. सुदृढ माणूस वेगाने चढतो आणि म्हणून अनेकदा अधिक अडचणीत येतो.

उच्चपर्वतीय वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य संकेत असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे. दिवसा कितीही उंच जाऊन यावे, महत्त्व मुक्कामाच्या उंचीला. किलिमांजारोचा कोणताही प्रचलित कार्यक्रम हा संकेत पूर्णपणे पाळत नाही. म्हणूनच कोणता कार्यक्रम तो सर्वांत कमी मोडतो, हे पाहणे आवश्यक ठरते.

हिमालयाशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. एव्हरेस्टच्या तळछावणीची उंची ५,३६४ मीटर. लुक्ला येथून निघून तेथे पोहोचण्यास साधारण आठ दिवस लावले जातात आणि त्यातील दोन दिवस नामचे बाजार व डिंगबोचे येथे निव्वळ सवय होण्यासाठी राखलेले असतात. किलिमांजारोचा माथा त्याहून ५०० मीटरहून अधिक उंच, आणि पाच दिवसांच्या कार्यक्रमात तेथे चौथ्या दिवशीच्या पहाटे पोहोचायचे असते. कळसूबाई, साल्हेर यांवरचा सराव पायांना बळ देतो. पण कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि मरांगू वाटेचे प्रवेशद्वारच सुमारे १,८६० मीटरवर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर जेथे संपते, त्याच्याही वर ही चढाई सुरू होते.

मरांगू : सोपी वाट, अवघड कार्यक्रम

मरांगू ही सर्वांत जुनी आणि रुळलेली वाट. चढण संथ, पायवाट रुंद आणि मुक्कामाला तंबूऐवजी लाकडी झोपड्या. त्यामुळे ती 'सोपी' समजली जाते आणि 'कोका-कोला' वाट हे टोपणनाव तिला पडले आहे. पहिली रात्र मंदारा येथे सुमारे २,७०० मीटरवर, दुसरी होरोम्बो येथे सुमारे ३,७०० मीटरवर आणि तिसरी किबो हट येथे सुमारे ४,७०० मीटरवर. म्हणजे झोपण्याची उंची सलग दोन दिवस प्रत्येकी १,००० मीटरने वाढते. वैद्यकीय संकेताच्या ही दुप्पट झाली. किबो हटवरची रात्रही पूर्ण मिळत नाही, कारण मध्यरात्रीच शिखराकडे कूच करावे लागते.

याच वाटेचा सहा दिवसांचा कार्यक्रमही असतो. त्यात होरोम्बो येथे दोन रात्री काढल्या जातात आणि मधल्या दिवशी मावेन्झीच्या दिशेने वर जाऊन परत खाली मुक्कामाला येतात. एक दिवस वाढल्याने या वाटेचे स्वरूपच पालटते. ज्याला तंबूत झोपणे नको आहे, किंवा पावसाळी दिवसांत डोक्यावर छप्पर हवे आहे, त्याने मरांगू जरूर निवडावी; मात्र ती सहा दिवसांचीच.

मचामे आणि लेमोशो : उंच चढा, खाली झोपा

मचामे ही आज अतिशय लोकप्रिय वाट. पहिला मुक्काम सुमारे २,८०० मीटरवर, दुसरा शिरा केव्ह येथे सुमारे ३,७५० मीटरवर. तिसऱ्या दिवशी वाट ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढते आणि संध्याकाळी सुमारे ३,९०० मीटरवरील बरांको तळावर उतरते. दिवसभरात शरीराला विरळ हवेची ओळख होते आणि रात्रीची झोप मात्र तुलनेने खाली मिळते. 'उंच चढा, खाली झोपा' हे गिर्यारोहणातील सूत्र येथे भूगोलच पाळून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बरांकोची भिंत चढावी लागते. सुमारे अडीचशे मीटरचा हा कडा पाहताना छातीत धडकी भरते, पण सह्याद्रीत कातळटप्पे हाताळलेल्याला तो जड जाऊ नये. हातांचा आधार घ्यावा लागतो, दोर लागत नाही.

मचामेच्या सहा दिवसांच्या कार्यक्रमात बरांकोहून एकाच दिवसात सुमारे ४,६७० मीटरवरील बराफू गाठतात आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघतात. सात दिवसांच्या कार्यक्रमात मध्ये करांगा येथे, सुमारे ४,००० मीटरवर, एक मुक्काम वाढतो. दमलेल्या पायांनी मध्यरात्री निघायचे की दुपारी बराफूला पोहोचून विश्रांती घेऊन निघायचे, एवढा हा फरक आहे.

लेमोशो पश्चिमेच्या घनदाट अरण्यातून निघते, शिरा पठार ओलांडते आणि लाव्हा टॉवरजवळ मचामेला मिळते. पुढचा मार्ग दोघींचा एकच. आठ दिवसांच्या लेमोशोत शिरा पठारावर दोन रात्री मिळतात आणि उंची हळूहळू वाढते. सुरुवातीचे दिवस गर्दीही कमी असते. पठारावर वाहनाने जाऊन चालणे सुरू करणारी शिरा नावाची वाटही आहे. तिच्यात पहिलाच मुक्काम ३,५०० मीटरच्या आसपास पडतो. मुंबईहून विमानाने आलेल्या माणसाने ती टाळणेच श्रेयस्कर.

रोंगाई, उत्तर प्रदक्षिणा आणि उम्ब्वे

पर्वताच्या दक्षिण उतारावर पाऊस अधिक पडतो. उत्तरेची बाजू त्या मानाने कोरडी. म्हणून ओल्या दिवसांत जावेच लागले तर रोंगाईचा विचार करतात. चढण सौम्य, गर्दी बेताची आणि मावेन्झीच्या पायथ्याशी सुमारे ४,३०० मीटरवर तळ्याकाठचा सुंदर मुक्काम. मात्र 'उंच चढा, खाली झोपा' ही सोय येथे वाटेत आपोआप होत नाही. त्यासाठी मावेन्झीच्या तळ्याजवळ जादा रात्र असलेला सात दिवसांचा कार्यक्रम घ्यावा. उतरण मरांगू वाटेने होते.

उत्तर प्रदक्षिणेची वाट सर्वांत लांब. ती लेमोशोसारखी सुरू होऊन किबोला उत्तरेकडून वळसा घालते आणि स्कूल हटवरून गिलमन्स पॉइंटकडे चढते. बहुधा नऊ दिवस लागतात. खर्च अधिक, पण ४,००० मीटरच्या आसपास अनेक रात्री मिळत असल्याने शरीराला सर्वाधिक वेळ देणारी हीच वाट. तिची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी : उत्तर अंगाला कोणी आजारी पडल्यास खाली नेण्याचे अंतर मोठे असते.

उम्ब्वे सर्वांत थेट आणि उभी. दुसऱ्याच दिवशी सुमारे १,००० मीटर चढून बरांकोला पोहोचवते. उंचीची सवय आधीच असलेल्यांसाठीच ती ठीक. बाकीच्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. लाव्हा टॉवरकडून थेट मुखात चढणाऱ्या वेस्टर्न ब्रीच या वाटेवर जानेवारी २००६ मध्ये दरड कोसळून तीन अमेरिकी गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. बर्फाने धरून ठेवलेले दगड बर्फ वितळताच सुटतात, हा तेथील कायमचा धोका आहे.

तुलनेसाठी एक साधे माप

इतक्या तपशिलात गोंधळ होऊ नये म्हणून एक माप उपयोगी पडते : शिखराकडे निघण्यापूर्वी ३,५०० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर किती रात्री मिळतात? पाच दिवसांच्या मरांगूत दोन, त्यातही दुसरी अर्धीच. सहा दिवसांच्या मरांगूत तीन. सहा दिवसांच्या मचामेत तीन, सात दिवसांच्या मचामेत चार. सात दिवसांच्या रोंगाईत, जादा रात्र मावेन्झीच्या तळ्याजवळ असेल तर, चार. आठ दिवसांच्या लेमोशोत पाच. नऊ दिवसांच्या उत्तर प्रदक्षिणेत सहा. उंचीचा पूर्वानुभव नसलेल्याने चारच्या खाली जाऊ नये आणि रजा मिळत असेल तर पाचचा आग्रह धरावा. सात दिवसांची मचामे आणि आठ दिवसांची लेमोशो यांची शिफारस अनुभवी वाटाडे करतात, त्यामागे हे गणित आहे.

उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आणि मुक्कामागणिक आकारले जाते. साहजिकच एक दिवस कमी केला की कार्यक्रम स्वस्त दिसतो. त्या बचतीची किंमत शिखराच्या रात्री चुकवावी लागते. ही रात्र कोणत्याही वाटेने टळत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास, शून्याखाली बऱ्याच अंशांच्या थंडीत, घसरणाऱ्या मुरमावरून सुमारे १,२०० मीटर चढायचे असते. स्टेला पॉइंटहून उहुरू पाऊण ते एक तासावर. गिलमन्स पॉइंटहून मात्र आणखी सुमारे २०० मीटरची चढण आणि दीड-दोन तासांची चाल उरते. त्यानंतर विश्रांती नाही. म्वेका वाटेने उतरणारे त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरवरील तळापर्यंत येतात. म्हणजे २,८०० मीटरची उतरण. गुडघ्यांची खरी परीक्षा येथे होते.

ऋतू आणि मुहूर्त

मार्च ते मे हा मुख्य पावसाळा, तर नोव्हेंबरच्या आगेमागे छोटा पावसाळा. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून अखेरपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ चढाईस योग्य. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन किंवा शिवजयंतीचा मुहूर्त साधून उहुरूवर ध्वज फडकवण्याच्या संकल्पाने महाराष्ट्रातून अनेक गट जातात. या तिन्ही तारखा कोरड्या ऋतूत येतात, ही जमेची बाजू. धोका वेगळाच आहे. तारीख ठरली की आजारी सहकाऱ्यासाठी एक दिवस थांबण्याची मुभा राहत नाही, आणि ध्वज हाती असलेला माणूस आपले दुखणे लपवतो. अशा गटांनी तरी एक जादा मुक्काम असलेला कार्यक्रमच घ्यावा.

लपवण्याजोगे हे दुखणे नसते. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जायचे नसते. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, खोकल्याबरोबर फेस येणे ही फुफ्फुसांत पाणी साठल्याची, तर झोकांड्या जाणे, बोलण्यात विसंगती येणे ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे. दोन्ही अवस्था काही तासांत प्राणघातक ठरतात आणि दोन्हींवर पहिला उपाय एकच : ताबडतोब, रात्र असली तरी, खाली उतरवणे. अॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घेण्यास मदत करते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. कमी केलेल्या मुक्कामाची भरपाई मात्र त्याने होत नाही.

पैसे भरण्यापूर्वी

माहितीपत्रकातील यशाची टक्केवारी पाहून भुलण्यापूर्वी 'यश' कशाला म्हटले आहे, हे विचारावे. गिलमन्स व स्टेला पॉइंटपर्यंत पोहोचलेल्यांनाही प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे ती संख्या उहुरूची आहे की मुखाच्या काठाची, हे स्पष्ट करून घेणे योग्य. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे नाव व उंची लेखी मागावी. रक्तातील प्राणवायू दररोज मोजला जातो का, प्राणवायूची नळी सोबत असते का, एक जण आजारी पडल्यास त्याला घेऊन उतरायला स्वतंत्र वाटाड्या आहे का, हे विचारावे. विमा ६,००० मीटरपर्यंतच्या पदभ्रमणाला लागू आहे, याची खातरजमा करावी.

आणखी एक प्रश्न ओझे वाहणाऱ्यांचा. हमालाच्या पाठीवर २० किलोपेक्षा अधिक ओझे देऊ नये असा नियम आहे. अतिस्वस्त कार्यक्रमांत तो मोडला जाण्याची शक्यता अधिक, आणि कपात होते ती त्यांच्या मजुरीत, जेवणात व उबदार कपड्यांत. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था हमालांना न्याय्य वागणूक देणाऱ्या आयोजकांची नावे प्रसिद्ध करते. त्या यादीत आयोजकाचे नाव आहे का, हे पाहावे. पर्वतावर ज्याच्या हाती आपला जीव असतो, तो माणूस उपाशी आणि कुडकुडत असू नये, हे केवळ माणुसकीचे नव्हे, शहाणपणाचेही आहे.

वाटेवर भेटणारा प्रत्येक वाटाड्या 'पोले पोले' म्हणत असतो. स्वाहिलीत त्याचा अर्थ सावकाश, सावकाश. चढताना हा सल्ला सगळेच ऐकतात. पण त्याची खरी अंमलबजावणी त्याच्या कितीतरी आधी, घरी कॅलेंडर समोर ठेवून रजेचा अर्ज लिहिताना करायची असते. त्या अर्जात एक दिवस वाढवून मागितला, तर कोणती वाट निवडावी या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळालेले असते.